पुण्य खासगी, विष्ठा सामायिक

कबुतरांना दहिसरचा टोलनाका कधीच लागू नव्हता. हलक्या वाहनांना तिथली माफी मिळायला ऑक्टोबर 2024 उजाडला. कबुतरं पहिल्यापासून फुकट ये-जा करतात. आता त्यांच्या पाठोपाठ मुंबईचं कबुतरांवरचं भांडणही नाका ओलांडून काशीमीऱ्यात राहायला आलं आहे.

जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत मुंबईतले 51 कबुतरखाने बंद करण्याची घोषणा झाली. महिनाअखेरीस उच्च न्यायालयाने बंदी झुगारून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितलं. 6 ऑगस्टला दादरचा कबुतरखाना बंद करण्यासाठी घातलेली ताडपत्री जमावाने ओढून काढली. काशीमीरा परिसराने त्याच आठवड्यात ताडपत्रीची पायरीच गाळली. एका इमारतीच्या आवारात दाणे टाकण्यावरून शेजाऱ्यांत जुंपली आणि तक्रारीनुसार, हटकणाऱ्या ज्येष्ठ गृहस्थांच्या मुलीला लोखंडी सळईचा मार बसला. काशीगाव पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. भूतदया इतकी ठणठणीत असते, हे कबुतरांनाही नवीन असावं.

एरवी सोसायटीत प्रत्येक जण हक्कावर बोट ठेवतो आणि कर्तव्य सेक्रेटरीकडे ढकलतो. या भांडणात उलटंच झालं. दाणे टाकणारा म्हणतो, हे माझं कर्तव्य! त्याला आधारही आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांची यादी आली, तीत प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्याचं कलम आहे. त्याच यादीत सार्वजनिक मालमत्ता जपा आणि हिंसा टाळा असंही लिहिलंय, पण तिथपर्यंत वाचेस्तोवर ज्वारीची पिशवी रिकामी झालेली असते.

सहकारी सोसायटीचे उपविधी अशा वेळी हात वर करतात असं नाही. उलट हिशेबाच्या बाबतीत ते भलतेच काटेकोर आहेत. पाण्याचा खर्च नळांच्या संख्येवर आणि आकारावर, सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखं. लिफ्टच्या देखभालीचा वाटा तळमजल्यावरच्या सभासदालाही चुकत नाही, मग त्याने जन्मात वरच्या मजल्याचं बटण दाबलेलं नसो. इतरांना उपद्रव होईल असं काही करू नये, हेही त्यांत आहे. फक्त पुण्याच्या वाटपाचं सूत्र नाही. त्यामुळे पुण्य दाणे टाकणाऱ्याच्या खात्यात जमा होतं आणि विष्ठा मात्र सेवाशुल्कासारखी सर्वांना सारखी. खरं तर सारखीही नाही. एसीच्या बाहेरच्या डब्यावर ज्याच्याकडे घरटं, त्याचा वाटा जास्त.

हा वाटा फुप्फुसातही जातो. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली, तर काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस होतो. फुप्फुसावर कायमचे व्रण उठले की माणूस जिन्यापाशी धापा टाकतो. त्यावर आवारातलं ठरलेलं उत्तर असं: ‘आमचे आजोबा सत्तर वर्षं दाणे टाकत होते, त्यांना काही झालं नाही.’ आजोबांच्या खिडकीखाली कोण राहत होतं, याची चौकशी कोणी करत नाही.

अशा वेळी कमिटी काय करते? नोटीस लावते. नोटीस लिफ्टजवळ लागते, तिच्यावर दुसऱ्या दिवशी गणेशोत्सवाच्या वर्गणीचा कागद चिकटतो आणि विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत झाकला जातो. सभेत दोन तास पार्किंगला जातात. कबुतरं ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात येतात, तोवर वडापाव आलेला असतो.

त्यात जाळीचा मुद्दा निघाला, तर ऐकण्यासारखा असतो. सगळ्या डक्टना जाळी बसवायची आणि खर्च सर्वांनी सारखा वाटून घ्यायचा, असा ठराव मांडला जातो. पहिला विरोध दाणे टाकणाऱ्याचा. हा त्याच्यावर अन्याय आहे, असं त्याचं म्हणणं. कारण त्याने स्वतःच्या गॅलरीला केव्हाच जाळी बसवून घेतली आहे, स्वखर्चाने, चांगल्या प्रतीची.