पतीच्या हस्ते लाकडी जमीन घासून घेण्याची पद्धत

न्यू जर्सीत जुनं घर घेतलेल्या मराठी जोडप्याच्या आयुष्यात कधीतरी कार्पेटचा कोपरा उचलला जातोच. खाली ओकच्या फळ्या दिसतात. ‘अगं, हे तर सोनं आहे!’ असं पती उद्गारतो. इथून पुढे माघार नसल्याने पत्नीवर्गाच्या सोयीसाठी ही नियमावली.

नियम पहिला : कारागिराचं कोटेशन पतीला दाखवू नये. तो त्याचे रुपये करतो.

नियम दुसरा : घर 1978 पूर्वीचं असेल तर जुन्या रंगात-वॉर्निशात शिसं आहे का, ते आधी तपासून घ्यावं. यात विनोद नाही. शिसं निघालं तर मशीनला हात न लावता परवानाधारक माणसाला बोलवावं, मग पती कितीही रुसो.

नियम तिसरा : ड्रम सँडर. हे यंत्र भाड्याने मिळतं, अवजड असतं आणि प्रचंड आवाज करतं, त्यामुळे पती पाहताक्षणीच त्याच्या प्रेमात पडतो. फिरता ड्रम एका जागी क्षणभर रेंगाळला तरी लाकडात खळगा पडतो. म्हणून आधी चालायला लागायचं, मग ड्रम टेकवायचा. थांबायच्या आधी उचलायचा. दिशा लाकडाच्या रेषांची. हे सगळं पतीला पाठ असतं. पण नेमका तेव्हाच पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल येतो आणि ‘बघ आई, काय करतोय’ म्हणायला तो थबकतो. आमच्या हॉलमध्ये खिडकीजवळ असा एक खळगा आहे. त्यावर कुंडी ठेवली आहे, कुंडीत तुळस. फोटो पाहून सासूबाईंना फार बरं वाटलं.

नियम चौथा : सँडपेपर आधी 36 नंबरचा, मग 60, मग 100. साठला फाटा द्यायची युक्ती प्रत्येक इंजिनिअरला सुचते. देऊ नये. मागच्या कागदाचे ओरखडे पुढचा कागद काढतो. मधली पायरी गाळली तर ते राहतात, आणि दिसतात कधी, तर पॉलिशचा हात फिरल्यावर.

पतीच्या एक्सेल शीटमध्ये कडा आणि कोपरे नसतात. भिंतीलगतची पट्टी एजर नावाच्या छोट्या मशीनने घासावी लागते आणि कोपरे स्क्रेपरने, गुडघ्यावर बसून, हाताने. गुडघ्यांचे पॅड विकत घ्यावेत. स्वतःसाठी. अंगठा दुखायला लागला की स्क्रेपरला धार लावायची वेळ झाली असं समजावं.

नियम पाचवा : दारांना प्लास्टिक लावा, टेपने चिकटवा. धूळ तरीही पोह्यांच्या डब्यात जाते. ती पेटणारी असल्याने मशीनची पिशवी घराबाहेर नेऊन रिकामी करावी.

नियम सहावा : पॉलियुरेथेन. तेलाचं असेल तर लाकूड पुढे पिवळसर होत जातं. पाण्याचं असेल तर रंग फारसा बदलत नाही आणि वासही कमी. डबा हलवू नये, बुडबुडे येतात. काठीने हळूच ढवळावा. दूरच्या भिंतीपासून सुरुवात करून दाराकडे मागे सरकत यावं. पतीला या वेळी अवश्य पाहावं. तो बोलत नाही, सल्ला देत नाही, फोन घेत नाही. ब्रश रेषेरेषेने नेतो, एखादा केस दिसला तर श्वास रोखून चिमटीने उचलतो. इतकं मन लावून काम करणारा माणूस आपल्या घरात राहतो हे एरवी लक्षात येत नाही. कौतुक मात्र हात वाळल्यावर करावं, आधी केलं तर तो वळून बघतो.

नियम सातवा : लाकडाला रंग द्यायला तेलकट स्टेन वापरला असेल तर त्याचे कापडी बोळे चुरगळून कोपऱ्यात फेकू नयेत, म्हणजे पती मोज्यांचं जे करतो ते करू नये. ते आपोआप तापून पेट घेतात. बाहेर एकेक पसरून वाळवावेत.

नियम आठवा, जो खरं तर पहिला हवा : काम झाल्यावर पाहुणे येतात आणि पती म्हणतो, ‘सोपं असतं रे, एका वीकेंडचं काम.’ पाहुण्याचे डोळे चमकू लागतात. त्याच्या बायकोला चटकन आत न्यावं आणि सांगावं, की घरी गेल्यावर हीटिंगची जमिनीतली जाळी उचलून फळीची कड बघ. सलग पाऊण इंच लाकूड असेल तर तुझं नशीब. प्लायवूडवर ओकचा नुसता पापुद्रा असेल, तर तो घासला की संपला, आणि हे नवऱ्याला दाखवलंस की सुटलीस.