घ्याचं त एकदाच

अमडापूरच्या स्टँडवर कोणाची नवी गाडी चहासाठी थांबली, की दोन मिनिटांत तिच्या मागे एक माणूस वाकलेला दिसतो. पांढरा पायजमा, खांद्यावर दुपट्टा, काखेत दोनशे पानी वही. गाडीवाल्याला वाटतं, टायर बसलं. तेवढ्यात हा माणूस उठतो, हात झटकतो आणि विचारतो, "दादा, हिले मांगून हूक बसते काय?"

हे आमचे नाना.

तुमच्याकडेही एक असतीलच. कोणी सहा वर्षं कूलर बघतंय. कोणी मुलीच्या लग्नापासून विहिरीवरची मोटर बघतंय आणि आता नातीचं लग्न ठरलंय. अशा माणसाला वस्तू घ्यायचीच नसते असं कोणी म्हणत असेल, तर तो अन्याय आहे. त्याला ती मनापासून घ्यायची असते. फक्त तिच्याबद्दलची सगळी माहिती संपल्यावर घ्यायची असते. आणि बाजार मेला दर दिवाळीला नवी माहिती काढतो. नानांचं एकच ब्रीद आहे: "घ्याचं त एकदाच. पण बराबर."

नाना गेली काही वर्षं चाकावरचं घर करताहेत. याची सुरुवात पंढरपुरात झाली. एका आषाढीला नाना-काकू तिथे गेले, मुक्कामाची जागा मिळाली नाही, रात्र एका दुकानाच्या पत्र्याखाली काढली. पावसाची झड आत येत होती. काकूंना परत येईपर्यंत ताप. अंथरुणावर पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "आपलं छप्पर आपल्या संगं नेता आलं असतं त..." बस. काकू ते विसरल्या, नाना विसरले नाहीत. पुढे 2021 मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्याची बातमी पेपरात वाचायला मिळाली. गाडीतच पलंग, गाडीतच ओटा. नानांनी कात्रण काकूंपुढे धरलं: "पह्य, सरकार बी आता तुह्यावानीच म्हंते!"

खामगावकडून एक जुनी दोनचाकी ट्रॉली आली. वेल्डिंगवाल्यानं पाइपच्या कमानी ठोकल्या, वर पत्रा, एका अंगाला खिडकी, मागच्या फाळक्याला शिडी. हे सगळं पंधरा दिवसांत झालं. नानांच्या आयुष्यात इतक्या झटपट दुसरं काहीही झालेलं नाही, लग्नसुद्धा. मग दोनच प्रश्न उरले. आत लाइट कशावर? आणि हे ओढणार कोण?

लाइटचा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर आहे. साधा पंखा 75 वॅट, रात्रीचे आठ तास, झाले 600. नऊ-नऊचे दोन बल्ब पाच तास, 90. दोन मोबाइल, 20. एकूण 710. दीडशे एएचची बॅटरी बारा व्होल्टची, म्हणजे 1800. पण ती पूर्ण रिकामी केली तर लवकर मरते, म्हणून अर्धीच वापरायची, 900. त्यातलं थोडं इन्व्हर्टर स्वतःच खातो. तरी भागतंय. नानांनी खाली दोन रेघा मारल्या आणि काकूंना हाक दिली.

काकू म्हणाल्या, "अन् मिक्सर?"

पाचशे वॅटचा मिक्सर चटणीपुरता दोन मिनिटं चालला तर वीज फारशी लागत नाही, हे नानांना कळतं. पण सुरू होताना तो झटका मागतो, त्यासाठी इन्व्हर्टर मोठा हवा, आणि मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी जास्त खातो. पान फाटलं. काकू म्हणाल्या, "मंग पाटा-वरवंटा घ्या संगं." नानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं एसटीचा कंडक्टर बोकड घेऊन चढणाऱ्याकडे पाहतो. "वजन!" ते म्हणाले. "ओढनाऱ्याचा काई इच्यार?"

मग कमी विजेचा नवा पंखा निघाला, 30 वॅटचा. आता एका बॅटरीत दोन रात्री निघत होत्या. मला वाटलं, सुटलो. पण तो पंखा रिमोटवर चालतो. "रिमोट लोनारात हरपला त?" नानांनी विचारलं. या प्रश्नात आठ महिने गेले.

मधल्या काळात मंडपवाल्याचा जनरेटर एका रात्रीपुरता आणून अंगणात लावला. त्याच्या धडधडीनं शेजारची म्हैस दूध चोरू लागली. जनरेटर बाद. मग भाच्यानं सोलरची एक पाटी आणून दिली. नाना दिवसभर उन्हामागे तिला अंगणभर फिरवत आणि मीटर लावून आकडे टिपत. एका दुपारी आकडा एकदम कोसळला. वायर तपासली, जोड तपासले, बॅटरीचं पाणी पाहिलं. पाटीच्या कोपऱ्यावर कोंबडी बसली होती. कोपरा झाकला की नुसत्या कोपऱ्याचीच नाही, त्याच्या ओळीतल्या सगळ्या खणांची वीज घटते, हे पुस्तकात वाचलेलं नानांनी डोळ्यांनी पाहिलं. नंतर दोन दिवस ते कोंबडीला मुद्दाम वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवत होते.

ओढण्याचा प्रश्न याहून खोल. सगळे म्हणाले, ट्रॅक्टर. पस्तीसचा की पंचेचाळीसचा, एवढंच ठरवा. पुतण्याचा ट्रॅक्टर जोडून बघितला. पलंग, दोनशे लिटरची टाकी, बॅटरी, सगळं पुढच्या अंगाला ठेवलेलं. पांदीतून सडकेवर चढताना ट्रॅक्टरनं तोंड उचललं. पुतण्या उडी मारून उतरला आणि पुन्हा बसायला तयार होईना. नानांनी टाकी मागे नेली. आता हूक इतका हलका झाला की सपाट सडकेवरही ट्रॉली शेपूट हलवू लागली. शेवटी भुसार दुकानातला काटा उचलून आणला आणि हुकावर किती भार पडतो ते मोजलं. दहातला एक भाग हुकावर, बाकी चाकांवर, तर ट्रॉली सरळ चालते. हे गणित आता गावातल्या चार ट्रॅक्टरवाल्यांना पाठ आहे. त्यांनी ते नानांकडूनच घेतलं, आणि चहाही नानांचाच प्यायले.

"ओढनं सोपं असते," नाना सांगतात, "थांबवनं पाह्यलं पायजे." ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नाही. राजूर घाटात किंवा बोथ्याच्या उतारावर ती मागून रेटायला लागली की पुढच्याचं कसब दिसतं. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्यांचा नाना मनापासून तिरस्कार करतात. त्यांच्या तोंडची एकमेव शिवी अशा माणसांसाठी राखून ठेवलेली आहे, ती इथे लिहिता येणार नाही.

त्यात मी एकदा आगाऊपणा केला. म्हटलं, नाना, ट्रॉली मालासाठी असते; चालत्या ट्रॉलीत माणसं बसवायला कायदा परवानगी देत नाही. नाना शांतपणे म्हणाले, "आत निजाचं उभ्या गाडीत. चालतानी समोर बसू." मग त्यांच्या चेहऱ्यावर ढग आला. ट्रॅक्टरवर सीट एकच. म्हणजे काकू? ट्रॅक्टरवर लिहिलेली सत्तेचाळीस पानं त्याच दिवशी वाया गेली. तेव्हापासून शोध जीपचा आणि पिकअपचा, आणि म्हणूनच स्टँडवरचं ते वाकणं.

मी हसतो खरा, पण आमच्या घरचा इन्व्हर्टर नानांनीच निवडून दिला. गल्लीत सात घरी बॅटऱ्या आहेत, त्यांच्या पाण्याची तारीख नानांच्या वहीत आहे. लाइट गेली की कोणाचा ना कोणाचा फोन नानांना जातोच, आणि नाना अंधारात बसून, मेणबत्तीच्या उजेडात चष्मा लावून, त्याला कोणती वायर सैल असेल ते सांगतात. अंधारात अशासाठी, की त्यांच्या स्वतःच्या घरी इन्व्हर्टर नाही. बघणं चालू आहे.

एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. मागच्या आषाढीला काकू गल्लीतल्या बायांसोबत सरळ एसटीनं पंढरपूरला जाऊन आल्या. मुक्काम एका धर्मशाळेत मिळाला. परत आल्या तेव्हा मी तिथेच होतो. नानांनी त्यांच्या हातची पिशवी घेतली, पाणी दिलं, प्रसाद कपाळाला लावला. मग हळूच विचारलं, "पंखा होता काय तिथं?"

"होता."

"किती वॅटचा?"

काकूंनी उत्तर दिलं नाही. पण रात्री मला म्हणाल्या, "पुढच्या साली यायले बी नेतो. तिकीट मीच काढतो, नाई त कोन्ती एसटी चांगली ते इचारत बसतीन."

ट्रॉली अंगणात उभी आहे. पत्रा पक्का आहे, आत पावसाचा थेंब येत नाही, म्हणून यंदा तिच्यात पंधरा पोती सोयाबीन ठेवलंय. व्यापारी दोनदा येऊन गेला. भाव अजून बघताहेत. नाना म्हणतात, विकाचं त एकदाच.