युरियास्तुती

कृष्णाकाठचा ऊस-बागायतदार दुसऱ्याच्या रानाजवळून जाताना फक्त रंग बघतो. उसाला काळोखी असली की मालक कर्तबगार. पान जरा पोपटी दिसले की घराण्याला उतरती कळा. अशा मानी समाजाला शिफारस काय, तर सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र. सगळे युरियातूनच द्यायचे म्हटले तरी एकरी जेमतेम पाच पोती. एवढ्यावर भावकी जळणार कशी?

त्यात स्वस्ताई. ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना, म्हणजे किलोला सहा रुपयेही नाहीत. मीठ याहून महाग, म्हणून ते चवीपुरते घालायचे. युरियाच्या बाबतीत हात आखडायचे कारण सरकारने ठेवलेले नाही.

शास्त्र म्हणते, हे नत्र लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत चार हप्त्यांत विभागून द्या. हप्ते सोसायटीचे आहेत तेवढे पुरेत. त्यापेक्षा पोती फोडावीत, सरीत फोकून द्यावीत आणि रात्री लाइट आली की मोटर चालू करून झोपावे. उरलेले काम पाटपाणी करते. थोडे नत्र अमोनिया होऊन हवेत उडते, थोडे नायट्रेट होऊन विहिरीत उतरते. तेच पाणी आपण पितो, त्यामुळे खत घरातल्या घरातच राहते.

जास्त नत्राने ऊस उशिरा पक्व होतो, साखर घटते, असा एक आक्षेप आहे. असेल. पण काट्यावर वजन माझे आणि उतारा साऱ्या कारखान्याचा सरासरी. एफआरपीही त्या सरासरीवरच. माझी पाणचट मोळी आणि तुझी गोड मोळी एकाच गव्हाणीत पडते. टनेज माझ्या नावावर, घटलेली साखर हजारो सभासदांत समान वाटलेली. सहकाराचे मर्म याहून चांगले कुणाला उमगले आहे? ठिबकमधून बेताने खत देणारा मात्र अजून स्वतःचा उतारा वाढवत बसला आहे. त्याचाही लाभ आम्हाला मिळतो, आम्ही कृतघ्न नाही.

पुढे वाऱ्या-पावसात माजलेला ऊस लोळतो. मग उंदीर येतात. रसशोषक किडी लुसलुशीत पानावर आधीच आलेल्या असतात. त्यांचे औषध युरियाच्याच दुकानात, उधारीवर. तोडणीला टोळीचा मुकादम आडवा फड एकदा बघतो आणि खुशाली वाढवून मागतो. मालक घासाघीस न करता देतो, आणि खोडव्याला एकरी दोन पोती जादा टाकायची असे गड्याला तिथेच सांगून ठेवतो.