नॉर्मल माणसाचे हाल

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत माणसाची ओळख हल्ली आडनावावरून कमी आणि रिपोर्टवरून जास्त होते. 'ते दोन स्टेंटवाले', 'त्या थायरॉइडच्या वहिनी', 'शुगर असून श्रीखंड खाणारे काका'. चिंतामणराव देशमुख उद्यानात सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांना कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं हे पत्रिका आल्यावर कळतं. कुणाची तीन महिन्यांची शुगर साडेआठावर गेली हे मात्र रिपोर्ट घरी पोहोचायच्या आधी. अशा वस्तीत मी नॉर्मल निघालो आणि ते कुणालाच सहन झालं नाही. घरच्यांना तर मुळीच नाही.

कन्येने सवलतीत मिळालेलं 'फॅमिली पॅकेज' घेतलं आणि एके सकाळी उपाशीपोटी आम्हा नवराबायकोचं रक्त गेलं. आता आमची बाह्य लक्षणं सांगतो. लोकलमध्ये मी चौथ्या सीटवर टेकलो की तिसरा आपण होऊन उठतो. उलट बायको काटकुळी, तुरुतुरु चालणारी, लिफ्टची वाट न पाहता जिने चढणारी, गुरुवार आणि चतुर्थी न चुकता करणारी. रिपोर्ट आले. माझं एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ९८. तिचं १७२. शंभराच्या आत असलेलं चांगलं, हे कागदावर शेजारीच छापलेलं होतं.

"बाटल्या बदलल्या असतील," बायको म्हणाली.

"नक्कीच," आई म्हणाली. पोटच्या पोराबद्दल!

पुन्हा तपासणी झाली. बाटल्या आपापल्या जागी होत्या. तेव्हापासून मी घरात आरोपीसारखा वावरतो. कोर्टानं सोडलं, पण वाडीला खात्री आहे, अशातली गत.

डॉक्टर आमचे जुने, अंगानं भरलेले, बोलण्यात मोकळे. त्यांनी समजावलं, "वहिनी, कोलेस्टेरॉल ताटातून येतं त्यापेक्षा जास्त आपलं यकृतच बनवतं. किती बनवायचं आणि रक्तातलं किती उचलायचं, याची सवय बरीचशी आईवडिलांकडून येते. तुमच्याकडे कुणाला?" बायकोच्या वडिलांची बायपास झालेली. ती हे सांगत असताना मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्रात लक्ष घातलं. चेहऱ्यावर समाधान दिसणं त्या क्षणी धोक्याचं होतं.

डॉक्टरांनी मुदत दिली. तीन महिने खाण्यात बदल, मग पुन्हा रक्त, आणि तरी उतरलं नाही तर गोळी. गोळी म्हणजे स्टॅटिन. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७०च्या दशकात हजारो बुरश्या तपासून त्यातलं पहिलं शोधलं, हे मी माहितीसाठी म्हणून सांगायला गेलो. "बुरशी?" बायकोनं विचारलं. पावसाळ्यात पावावर जरा हिरवं दिसलं तर अख्खी लादी टाकणारी बाई ती. "आहाराने साधारण दहा-पंधरा टक्के उतरतं. गोळी लागलीच तर तो पराभव नव्हे," असं डॉक्टर म्हणत होते, पण ते ऐकायला ती तिथे होती कुठे? ती मनाने स्वयंपाकघरात पोहोचली होती.

पथ्य एकाचं असलं तरी गॅस सगळ्यांचा असतो. दोन कढया, दोन फोडण्या हे राजेरजवाड्यांकडे; वन बीएचकेत नव्हे. तेव्हा पथ्य चौघांना लागू झालं.

पहिली कुऱ्हाड तेलावर. माणशी महिन्याला अर्धा लिटर, असा एक ढोबळ हिशेब आहारवाले सांगतात. आम्ही चौघं, म्हणजे दोन लिटर. आमच्याकडे पाच लिटरचा डबा आणला की महिनाअखेरीस तो उपडा करून निथळत ठेवलेला असे. बायकोने फोडणीची पळी धुऊन माळ्यावर टाकली आणि तेलाच्या बरणीत चहाचा चमचा आला. चमच्याभर तेलात बटाट्याच्या काचऱ्या परतता येत नाहीत, त्यांची समजूत घालावी लागते. ती कशी घालतात ते मी पाहिलं. लोखंडी तवा आधी चांगला तापवायचा, मोहरी तडतडली की काचऱ्या पसरायच्या, वर खोलगट झाकण, झाकणात पाणी. खालून वाफ धरते आणि काचऱ्या तळाला न लागता मऊ होतात. शेवटी झाकण काढून दोन मिनिटं मोठी आच. कडा खरपूस होतात. मला आवडल्या, पण मी तसं बोललो नाही. एकदा कबुली दिली की दुसऱ्या दिवशी चमचा अर्धा होतो.

खरी लढाई नारळावर झाली. आई मालवणकडची. तिच्या लेखी ओलं खोबरं नसलेलं जेवण म्हणजे आजाऱ्याचं जेवण. आठवड्याला नारळ किती, हा प्रश्न आमच्या घरी कधी निघालाच नव्हता. बायकोनं तो भीत भीत काढला.

"खोबऱ्यात खयचा इला कोलेस्टेरॉल?" आई म्हणाली.

कायद्याने आई बरोबर होती. कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून आलेल्या पदार्थांत असतं. नारळात ते औषधालाही नाही. शेंगदाण्याच्या तेलातही नाही, डब्यावर कितीही मोठ्या अक्षरांत छापलं तरी त्यात त्या तेलाचा पराक्रम काही नाही. पण खोबरेल तेलातली सुमारे नव्वद टक्के चरबी संपृक्त, म्हणजे साजूक तुपापेक्षाही जास्त. आणि यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल आत ओढून घेणारी जी दारं असतात, ती संपृक्त चरबी वाढली की कमी होतात. माल रस्त्यावरच राहतो. हे मी आईला समजावलं. ती म्हणाली, "माझ्या बापाशीन जल्मभर खोबऱ्यातला खाल्ल्यान आणि म्हातारपणीय माडावर चढलो." यावर विज्ञानाकडे उत्तर आहे, पण ते आईसमोर देता येत नाही. आईच्या वडिलांसारखं माडावर चढ, असं बायकोला कोण सांगणार? मुलुंडमध्ये माड आहेत, पण ते सोसायटीचे आहेत.

शेवटी तोडगा आईनेच काढला. काळ्या वाटाण्याच्या उसळीला ती खोबऱ्याचं वाटण लावायची. आता तिने कांदा काळपट होईस्तो भाजून घेतला, आणि शिजलेल्या वाटाण्यांतलेच मूठभर काढून त्याच्याबरोबर मिक्सरला लावले. रस असा दाट झाला की मी वाटीभर मागून घेतली. खोबरं वरून शेवटी, चिमूटभर, देवाला अक्षता टाकाव्यात तसं. पुढे आठवडाभर ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "आमच्याकडे पूर्वीपासून असाच करतत." पूर्वीपासून हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

वाटाण्यांचा उपयोग नुसता दाटपणापुरता नाही. यकृत कोलेस्टेरॉलमधूनच पित्त बनवतं. कडधान्यांतला, ओट्समधला, भेंडीतला जो विरघळणारा, बुळबुळीत तंतू असतो, तो आतड्यात या पित्ताला धरून बाहेर नेतो. पित्त कमी पडलं की यकृताला नवं बनवावं लागतं आणि त्यासाठी रक्तातलं एलडीएल उचलावं लागतं. म्हणजे मटकी, चवळी, राजमा, जवाचं पीठ घातलेली भाकरी, ही सगळी वसुली अधिकाऱ्याची फौज. पैकी ओट्सचं नाव जगभर झालं, कारण त्यातल्या बीटा-ग्लुकॉनवर अभ्यास पुष्कळ. पण रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकॉन पोटात जायला पाऊणशे ग्रॅमच्या आसपास ओट्स लागतात, हे कळल्यावर कन्येने ओट्सचा उपमा, ओट्सचं थालीपीठ, ओट्सचे डोसे आणि एका काळ्या दिवशी ओट्सची खीर केली. त्या खिरीबद्दल मी अधिक लिहिणार नाही. जवात तोच बीटा-ग्लुकॉन असतो आणि भाकरीत तो तोंड न उघडता बसतो, एवढंच नमूद करतो.

मग उपवास. डॉक्टरांनी विचारलं होतं, "उपवासाला काय खाता?" बायको सात्त्विक चेहऱ्याने म्हणाली, "काही नाही हो, थोडी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचे काप तुपावर परतलेले, एखादा बटाटेवडा उपवासाचा, संध्याकाळी वरीचा भात." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते आठवड्याच्या हिशेबाने आमच्याकडे चालू होतं. शेंगदाण्याच्या कुटाला त्यांची हरकत नव्हती, त्यातली चरबी बहुतेक असंपृक्त. हरकत तुपाला आणि साबुदाण्याच्या डोंगराला. "उपवास करा, पण उपाशी राहून करा," ते म्हणाले. अधर्माचं एवढं सरळ बोलणं बायकोनं प्रथमच ऐकलं असावं. आता गुरुवारी राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याचं भरीत आणि ताक. देवाची तक्रार अजून आलेली नाही.

मासे मात्र वाचले. उलट त्यांची बढती झाली. बांगडा नि तारली हे तेलकट मासे, त्यातलं ओमेगा-३ ट्रायग्लिसराइड्स खाली आणतं. महाग पापलेटापुढे वर्षानुवर्षं मान खाली घालून बसलेला बांगडा आमच्या घरी एकदम मानाच्या पाटावर आला. कोळणीलाही कुठून तरी वारं लागलं होतं. "घे ताई, हार्टचा हाय," म्हणून ती वाटा पुढे सरकवते. अट एकच: रव्यात घोळवून तळायचा नाही. आईचं तिखलं उपयोगी पडलं. लाल तिखट, हळद, कोकम, ठेचलेली तिरफळं, आणि मासा आपल्याच अंगच्या तेलात शिजतो.

एवढं होऊनही मला एक सांगायचं आहे. आपल्याकडे खटला नेहमी जेवणावर भरतात. वरण, भात, भाजी, बिचारे पिंजऱ्यात उभे. खरा मुद्देमाल दोन जेवणांच्या मध्ये असतो आणि त्याला कुणी जेवण म्हणत नाही, म्हणून तो सुटतो. आमच्या घरी संध्याकाळच्या चहाबरोबर खारी असते. खारीचे पदर जे एवढे सुटतात ते पीठ आणि चरबी यांच्या घड्यांनी, आणि बेकऱ्यांमध्ये ती चरबी वर्षानुवर्षं वनस्पती तूप असे. १९३७ साली डालडा आलं तेव्हापासून गरिबाघरचं साजूक म्हणून ते मिरवलं. त्यातले ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतात आणि चांगलं एचडीएल उतरवतात, असा दुहेरी मार. २०२२पासून तेला-तुपातले ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे. पण ट्रान्स फॅट गेले म्हणून खारी काही काकडी झाली नाही. रविवारी पूल ओलांडून पश्चिमेला जायचं, तिथल्या गुजराती दुकानातून गरम फाफडा, गाठिया, पापडी आणायची, हा मुलुंडकर मराठी माणसाचा कुळाचार. शिवाय पाहुणा आला म्हणून चिवडा, पाहुणा गेला म्हणून उरलेला चिवडा. बायको ताटातलं तूप मोजत होती आणि डब्यातल्या खारीला हिशेबात धरतच नव्हती, कारण ती 'नुसती चहाबरोबर' होती.

खारीच्या जागी आता भाजलेले चणे आणि मूठभर दाणे आले. चण्याचा एक दोष आहे: खाताना आवाज होतो. रात्री चोरून खाता येत नाहीत.

दरम्यान सोसायटीत सल्ल्यांचा पूर आला. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पंथातले दोनदाच जेवतात, तेही ५५ मिनिटांत, आणि हळदीकुंकवाला जाताना घड्याळ बघतात. ऋजुता दिवेकरांना मानणाऱ्या बायका तुपाला दोष दिला की दुखावतात. दोन्हीकडचे लोक निष्ठावान, म्हणून वाद मोठा रंगतो. पण ती बोलणी मुख्यतः वजनाची आणि शुगरची. आमची काटकुळी बाई आणि तिचं १७२ दोन्हींत कुठे बसेनात. तळमजल्यावरच्या काकांनी ऑलिव्ह ऑइल सुचवलं. तेल चांगलंच, पण त्याचा भाव ऐकून बायको म्हणाली, "तो ऐकून आधी तुमचंच बीपी वाढेल." कन्येने एअर फ्रायर आणला. त्यात कोथिंबीरवडी छान होते, आणि दुसरं काहीही केलं तरी चव कोथिंबीरवडीची येते.

तीन महिने संपले. एलडीएल १५१. डॉक्टर कागद दोनदा वाचून प्रसन्न झाले. "बारा टक्के! वहिनी, अजून तीन महिने बघू. काय काय केलंत?" बायको सांगत गेली: चमचा, खारी, चणे. आई बरोबर आली होती, तिने वाटाण्यांची उसळ सांगितली. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या पोटाला टेबलाची कड लागली.

"खोबरं अजिबात नाही? मग दाटपणा?"

"त्याच वाटाण्यांचो," आई म्हणाली.

त्यांनी लेटरहेड पुढे घेऊन लिहायला सुरुवात केली. काळे वाटाणे, एक वाटी, रात्री भिजत. कांदे दोन, भाजून. बाहेर पेशंट खोकत होते. बायकोने तिखल्याची कृती दिली. तिरफळं कुठे मिळतात ते त्यांनी विचारलं आणि समासात टिपून घेतलं. फोडणीपाशी ते अडले.

"तेल किती?"

"चहाचा एक चमचा."

"दिवसातून एकदाच ना?" असं म्हणत त्यांनी सवयीने पुढे 'जेवणापूर्वी' लिहिलं, खाली सही ठोकली, कागद घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवला, आणि फी पूर्ण घेतली.