ब्रूनोला फिरवणे आहे

नोकरी सांभाळून जोडधंदा म्हणजे पुण्यात पूर्वी शिकवण्या, नाहीतर दिवाळीचा फराळ. आता त्यात कुत्री फिरवणं आलं. सकाळी साडेसहाला प्रभात रोडवर एका हातात दोन पट्टे, दुसऱ्या हातात जुना पेपर नि पिशवी आणि कानात ऑफिसचा कॉल असा तरुण दिसला, की समजावं, हिंजवडीचा पगार फ्लॅटच्या हप्त्याला पुरत नाही. गल्लीच्या तोंडाशी भटकी मंडळी हद्दीचा प्रश्न काढतात, तेव्हा कॉल म्यूट करावा लागतो.

काम मिळवणं सोपं नाही. लग्न जमवतानाही एवढ्या चौकश्या होत नसतील. ‘घरी कोण कोण असतं? आमच्या ब्रूनोला दहीभात लागतो, गार नको. आणि त्याच्याशी मराठीतच बोला हं!’ (नातू इंग्रजीतून भांडतो, ते चालतं.) दर ऐकला की मात्र, ‘एवढे? अहो, चालतो तर तोच!’

लिफ्टमध्ये कुत्र्याला बंदी करता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचना सांगतात. ते सोसायटीच्या सेक्रेटरींना ऐकवणं याच दरात. तेव्हा पट्टा हातात घेण्याआधी रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना दाखवायला सांगा. पुण्यात कुत्रा पाळायला तो सक्तीचा आहे.