पडद्याची त्रिकोणमिती

तिगावात आजवर खिडकीचा पडदा हाताने ओढला जात होता, ही खेदाचीच बाब. घरातली उपकरणे आपोआप चालवणाऱ्या ‘होम असिस्टंट’ या सॉफ्टवेअरने ती उणीव भरून काढली. त्याच्या टेम्प्लेटात साइन, कोसाइन, टॅन आयतेच मिळतात. सूर्याची उंची अंशांत येते, साइनला मात्र रेडियन लागतात. म्हणून आधी ३.१४ने गुणून १८०ने भागायचे. विसरलात, तर ३० अंशांची साइन ०.५ऐवजी उणे ०.९८८ येते आणि भर उन्हात पडद्याची खात्री पटते, की सूर्य जमिनीखाली गेला. पडद्याचा यात दोष नाही.

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहून ग्रहगणितात ‘ज्या’, म्हणजे हीच साइन, वापरली. खिडकी मात्र त्यांच्या नजरेतून सुटली. पुढचा टप्पा म्हणून पोळ्याला बैलाच्या शिंगांचा कोन मोजून गोठ्यातला दिवा लावावा, आणि ‘आजी, जरा पडदा लाव’ ही तोंडी विनंती बंद करून अक्षांश-रेखांशासह लेखी अर्ज घ्यावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

तूर्त दक्षिणेकडच्या खिडकीचे गणित २१ जूनच्या आसपास दिवसभर बिनचूक चालते. तिगाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्या दिवसांत सूर्य उत्तरेकडून जातो आणि त्या खिडकीत ऊन येतच नाही.