फाटकाचा सातबारा

आमच्या फाटकाशी जास्वंदीचं झाड आहे. आदल्या संध्याकाळी मोजलेल्या कळ्या आणि सकाळी उरलेली फुलं यांचा हिशेब गेली दोन वर्षं जुळत नव्हता. कळ्या बावीस, फुलं दोन. मिरजेत पहाटे फिरायला निघणाऱ्यांपैकी निम्मे स्वतःच्या हृदयासाठी फिरतात आणि निम्मे देवासाठी. दुसऱ्या जातीच्या माणसाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आणि काठीला बांधलेली आकडी असते. ‘कृपया फुले तोडू नयेत’ अशी पाटी मी लावून पाहिली. फांदी वाकवताना पाय टेकायला ती पाटी सोयीची पडते, हे तिच्यावरच्या चपलेच्या ठशावरून कळलं.

शेवटी गणपतीत पुण्याहून पुतण्या आला तो कॅमेरा घेऊनच. सोबत काकूसाठी पडदा असलेला एक बोलका डबाही होता. अर्ध्या तासात त्याने दोन्ही लावलं, माझ्या मोबाइलवर फाटक दाखवलं, मोदक खाल्ले आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. योजना नामी होती. पहाटे ही कणीक तिंबत असते, हात भरलेले असतात. तिने नुसतं तोंडाने म्हणायचं, ‘फाटक दाखव’, की ओट्यावरच्या डब्यात फाटक दिसणार. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बाजूला असल्यामुळे तिला एरवी फक्त शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिने विचारलं. डब्यातली बाई अतिशय नम्रपणे इंग्रजीत म्हणाली, की क्षमस्व, मला असा कुठलाही कॅमेरा सापडत नाही.

मोबाइलवर दिसत होतं की, असं कुणी म्हणेल. दिसत होतं. पण पहाटे पाचला मोबाइल चार्जिंगला असतो आणि चष्मा देवघरात. दोन्ही सापडून अ‍ॅपमधलं ते गोल गोल फिरणारं चक्र थांबेपर्यंत झाडाखाली फक्त पानं हलत असायची. आणि मागचं चित्रण बघायला कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालावं लागतं, ते वेगळं विकत मिळतं. आम्ही घेतलं नव्हतं. ‘आधी चालतोय का बघू, मग खर्च करू’ हे आमच्या घराण्याचं ब्रीद आहे.

मी दुरुस्तीला बसलो. पहिला संशय इंटरनेटवर. केबलवाल्याचा पोऱ्या आला, राउटरकडे लांबूनच बघून म्हणाला, “काका, हा फाइव्ह जीवर आहे, तुमचा कॅमेरा टू पॉइंट फोरवालाय.” राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्वस्तातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना पहिलीच पट्टी कळते. दुसरी वेगवान, पण भिंत लागली की तिचा दम जातो. हे मला जितकं पटकन समजलं तितकं पुण्यामुंबईच्या माणसाला समजणार नाही, कारण आमच्या गावात तंबोरे बनतात. खर्जाचा आवाज दोन भिंती ओलांडून माजघरात पोचतो, वरच्या तारा दिवाणखान्यातच राहतात. सगळ्या मिरजकरांना स्वरज्ञान असतं असा बाहेर समज आहे. तो खोटा असला तरी अशा वेळी उपयोगी पडतो. पोऱ्याने दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं दिली, शंभर रुपये घेतले आणि गेला. मोबाइलवर चित्र झकास दिसू लागलं. डब्यातली बाई म्हणाली, क्षमस्व.

मग माझा अभ्यास सुरू झाला. बाईला कॅमेऱ्याची ओळख करून द्यायला तिच्या अ‍ॅपमध्ये त्या कॅमेरा कंपनीचं ‘स्किल’ चालू करावं लागतं. म्हणजे बाईला ते येत असतं, पण आपण परवानगी देईपर्यंत ती येत नाही असं दाखवते. स्किल चालू केलं. मग खातं जोडणे. ओटीपी आला, तोवर पान शिळं झालं. पुन्हा ओटीपी. ‘अभिनंदन, तुमचे खाते जोडले गेले आहे.’ एवढं मनापासून अभिनंदन मला निवृत्तीच्या समारंभातही मिळालं नव्हतं. मग बाई नवीन उपकरणं शोधायला निघाली. पाऊण मिनिटाने परतली आणि एक उपकरण सापडल्याचं म्हणाली. आम्ही दोघं पडद्यावर वाकलो. तो आमचा टीव्ही होता. तो हरवलेला नव्हता.

“अहो, पण कॅमेरा इथून बावीस फुटांवर आहे,” ही म्हणाली. “ओरडलं तरी ऐकू जाईल.”

तिला मी समजावून सांगितलं, आणि सांगताना माझाच विश्वास उडत गेला. तू इथे बोललीस की तुझा आवाज आधी बाईच्या कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तिथे त्याचा अर्थ लागतो. मग ती कंपनी कॅमेऱ्याच्या कंपनीच्या सर्व्हरला विचारते, की बाबा, अमुक माणसाचं फाटक आहे का तुझ्याकडे? तो सर्व्हर खातं तपासतो, मग आपल्या कॅमेऱ्याला उठवतो, आणि मग चित्र ओट्यावर. एका घरातल्या दोन भावांनी वकिलामार्फत मीठ मागावं, तसं.

खरं तर घरच्या कॅमेऱ्याची मूळ कल्पना अगदी सरळ होती, आणि ती एका बाईचीच होती. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागातली परिचारिका. कामाच्या वेळा अवेळी, वस्ती बेभरवशाची. तिने आणि तिच्या नवऱ्याने १९६६ साली पेटंटचा अर्ज केला. दाराला वरखाली चार भोकं, त्यांवरून सरकणारा कॅमेरा, चित्र आतल्या टीव्हीवर, बोलायला मायक्रोफोन, आणि बसल्या जागेवरून कडी उघडायची सोय. १९६९ मध्ये पेटंट मिळालं. हे मी मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. ही कणीक मळतच म्हणाली, “तिला ओटीपी आला होता का?”

आणि इंटरनेटवर गाजलेला पहिला कॅमेरा कशावर रोखला होता? केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत, कॉफीच्या भांड्यावर. जिने चढून जावं आणि भांडं रिकामं निघावं, याला वैतागून तिथल्या मंडळींनी १९९१ मध्ये तो आधी आपल्यापुरता लावला. १९९३ मध्ये तो जगाला दिसू लागला. २००१ साली बंद होईपर्यंत लोक दुसऱ्यांची कॉफी बघत होते. मला जास्वंदच बघायची होती.

कस्टमर केअरला फोन केला. पहिल्याने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं, दुसऱ्याने कॅमेरा, तिसऱ्याने डबा. चौथ्याने मोबाइलच बंद करायला सांगितला, जो मी ताबडतोब केला आणि त्यामुळे त्याचं पुढचं वाक्य मला कधीच कळलं नाही. पाचवी एक मुलगी होती. तिने काहीच बंद करायला लावलं नाही. नुसतं विचारलं, “सर, कॅमेरा किसके नाम पे है?”

मी म्हटलं, माझ्या फाटकावर आहे, माझ्या विजेवर चालतो, माझी जास्वंद बघतो. ती म्हणाली, तसं नव्हे सर, रजिस्टर कुणाच्या खात्यात केलाय?

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुतण्याने कॅमेरा स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या खात्यात नोंदवला होता. मला त्याने फक्त ‘शेअर’ केला होता, म्हणजे बघण्यापुरता. या कंपनीचे असे शेअर केलेले कॅमेरे बाईच्या यादीत येतच नाहीत. तिला मूळ मालक लागतो. शहरात सातबारा नसतो, प्रॉपर्टी कार्ड असतं, हे मला ठाऊक आहे. पण माझं निम्मं आयुष्य शेतीच्या भाऊबंदकीत गेल्यामुळे मला ते तसंच दिसलं. नमुना सातवर, मालकाच्या जागी, पुतण्याचं नाव. नमुना बारावर, पिकाच्या रकान्यात, जास्वंद. आम्ही नुसते वहिवाटदार.

फेरफारासाठी पुतण्याला फोन लावला. हक्क सोडायला तो एका पायावर तयार झाला, एवढंच आपल्या भाऊबंदकीत आणि यात अंतर. त्याच्या खात्यातून कॅमेरा काढला. मग कॅमेरा पुसून कोरा करायचा, त्यासाठी पोटाशी एक बारीक भोक असतं, त्यात टोकदार काहीतरी दहा सेकंद खुपसून धरायचं. हिच्या बांगडीतली सेफ्टीपिन कामी आली. स्टुलावर उभा राहून मी पिन धरली, खालून ही दहा म्हणता चौदापर्यंत मोजत गेली.

सगळं होत असताना पुतण्या फोनवर गप्पा मारत होता. “काका, आता तुमची आठवण येईल हं. रोज दिसायचात.” मी पिन धरलेल्या अवस्थेत थिजलो. गणपतीपासून दत्तजयंतीपर्यंत, फाटकाशी काही हललं की सूचना त्याच्या मोबाइलवर जात होती. तो हिंजवडीत रात्रपाळी करतो. पहाटे पाच ही त्याची चहाची वेळ. “तेवढं घंटागाडी चुकल्यावर समोरच्या प्लॉटात पिशवी टाकता ते बंद करा,” तो म्हणाला. मी लगेच विषय बदलला.

“आणि फुलं?” हिने खालून विचारलं.

“ते आजोबा ना? पांढरी टोपीवाले? मला वाटलं तुम्हीच सांगून ठेवलंय त्यांना!”

पुढे नावाचा घोळ झाला. कॅमेऱ्याला मी ‘दार’ असं नाव दिलं. बाईला मराठी येत नाही. ‘शो मी दार’ म्हटलं की तिने लाल मोटारगाड्यांची चित्रं दाखवली. ‘फ्रंट डोअर’ म्हणायला हिने साफ नकार दिला, माझ्याच घरात मी साहेबी बोलणार नाही म्हणाली. इंग्रजीतही चालेल आणि आळीतही, राखणही करेल, असं एकच नाव मला सुचलं. तेव्हापासून आमच्याकडे पहाटे ‘शो मी टॉमी’ असा पुकारा होतो आणि शेजारी विचारतात, कुत्रा कधी आणलात, भुंकत कसा नाही.

आजोबा पाच दहाला येतात. पाटीवर डावा पाय, आकडी उजव्या हातात. दोन फुलं सोडून जातात. फाटकाची कडी लावून घेतात. दूधवाला लावत नाही.